मेणवलीच्या घाटावरचा जुना फोटो, त्याच जागेवरून पुन्हा

परदेशातून पंचवीस-तीस वर्षांनी वाईला सुट्टीवर येणारे मेणवलीच्या घाटावर अल्बममधला फोटो घेऊन पोचतात आणि लगेच झूम फिरवू लागतात. घोळ तिथेच होतो. झूमने चौकट लहानमोठी होते, पण जवळच्या आणि लांबच्या वस्तूंची सांगड बदलते ती तुम्ही स्वतः हललात तरच. आधी जागा शोधायची, झूम शेवटी.

मूळ प्रिंट घरी ठेवा, तिचा फोटो मोबाईलवर घ्या. त्यात जवळची एक पक्की खूण निवडा, समजा दगडी कठड्याचा कोपरा, आणि मागे लांबची, देवळाचा कळस. झाड कधीच धरू नका. ते वाढलेलं असतं, नाहीतर तोडलेलं. आता कळस कोपऱ्याच्या जास्तच उजवीकडे दिसत असेल तर डावीकडे सरका, डावीकडे दिसत असेल तर उजवीकडे. तो जुळला की अंतर बघा. कठडा देवळाच्या मानाने जुन्या फोटोपेक्षा मोठा दिसतोय? मग मागे या. मागे-पुढे झालात की डावं-उजवं पुन्हा तपासा, हमखास थोडं हललेलं असतं. फोटो चौरस असेल तर बहुधा १२० नंबरच्या रोल फिल्मवरचा, आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याचा. तुम्ही जरा रुंद काढा आणि नंतर कापा.

सावलीचं मात्र ऐकावंच लागतं. मेच्या मध्यावर इथे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. डिसेंबरात त्याच वेळी पाच फुटी माणसाची सावली जवळजवळ साडेचार फूट, उत्तरेकडे. उन्हाळी सुट्टीतला दुपारचा फोटो नाताळात हुबेहूब जमणारच नाही. त्यासाठी मेमध्येच यावं.

पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर दमट हवेने काच धुरकटते, पुसली तरी पुन्हा धरते. उतरण्याआधी तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर अर्धा तास पिशवी उघडू नका.

फोटोतली आत्या, काका त्याच पायरीवर उभे करायचे असतील तर पायऱ्या वरून मोजा. पाण्यापासून मोजल्या तर कृष्णा जितकी चढली असेल तितक्या चुकतील. आणि म्हाताऱ्या माणसांना शेवाळलेल्या पायरीवर नेऊ नका, एक पायरी वर चालेल.