ओपन सोर्स वेब टूलकिट डिझायनरला आणि नवशिक्यांना सोपं कसं करावं

कोडला हात लावण्याआधी एक काम करा. तुमचं टूलकिट (बटणं, मेन्यू असे वेबपानाचे तयार भाग) कधीच न पाहिलेल्या एखाद्या डिझायनरला शेजारी बसवा आणि म्हणा, "यातलं एक बटण पानावर आणून दाखव." मग गप्प बसा. गप्प बसणंच सगळ्यात कठीण. पहिल्या वेळी तिसऱ्या मिनिटाला माझा हात माउसकडे गेला होता.

समोरच्या मुलीने बटणाचा नमुना कॉपी करून पानात चिकटवला आणि आलं काय, तर ब्राउझरचं करडं, ठोकळ्यासारखं बटण. पानाचं रूप ठरवणारी सीएसएस फाइल जोडायची राहिली होती. एरर कुठेच नाही, कारण लिंकच दिली नाही तर ब्राउझर कशाबद्दल तक्रार करणार? तो आपल्या पद्धतीने बटण काढून मोकळा होतो. फाइल जोडायची ओळ आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये होती, पण दोन पानं मागे, 'इन्स्टॉलेशन'खाली. "मला हे जमत नाही बहुतेक," ती म्हणाली. चूक आमची आणि कबुली तिची!

म्हणून पहिली दुरुस्ती पहिल्या पानाची. तिथे बटणाचा तुकडा नको, अख्खं एचटीएमएल पान द्या: पहिल्या, डॉक्टाइपच्या ओळीपासून शेवटच्या टॅगपर्यंत, सीएसएसची लिंक सीडीएनवरून (म्हणजे फाइली थेट इंटरनेटवरून पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) आणि आवृत्तीचा क्रमांक लिहिलेली. सेव्ह केलं, डबल क्लिक केलं की दिसलं पाहिजे. नोड, एनपीएम, बिल्ड ही डेव्हलपरची अवजारं लागतील तेव्हा सांगा. नमनालाच घडाभर तेल गेलं तर डिझायनर नाटक सुरू होईपर्यंत थांबत नाही. बूटस्ट्रॅप हे असंच एक टूलकिट २०११ मध्ये आलं आणि झपाट्याने पसरलं, त्यात असे उचलून वापरता येणारे नमुने देण्याचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

आता रंग. डिझायनर सगळ्यात आधी रंग, फॉन्ट आणि कोपऱ्यांची गोलाई बदलायला जातो. तुमचा मुख्य रंग कोडमध्ये किती जागी लिहिलाय ते शोधून पाहा. आमच्याकडे तो तेवीस जागी निघाला, त्यातही दोन ठिकाणी किंचित वेगळा. ही सगळी मूल्यं सीएसएस व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेलं मूल्य, एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं) काढून एकाच फाइलच्या डोक्यावर ठेवा. नावं रंगावरून नको, कामावरून द्या. व्हेरिएबलचं नाव 'निळा' ठेवलं आणि उद्या कुणी त्यात हिरवा भरला, की पुढचा माणूस चक्रावलाच. 'मुख्य रंग', 'धोक्याचा रंग' ही नावं टिकतात. प्रत्येक व्हेरिएबलशेजारी तो पानावर कुठे दिसतो हे एका ओळीत लिहा. तुमच्या मूळ रंगांचा कॉन्ट्रास्टही (अक्षरं आणि मागचा रंग यांतला उजळपणाचा फरक) तपासा: डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम, त्यांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ लागतो. मूळ थीमच त्यात नापास असेल, तर ती वापरणारी प्रत्येक साइट नापास.

एरर मेसेज हे खरं तर डॉक्युमेंटेशनच. ते शेवटपर्यंत वाचलं जातं, एवढाच फरक. 'अनडिफाइंड इज नॉट अ फंक्शन' वाचून नवशिक्या काय करणार? काय बिघडलं, कुठे बिघडलं आणि आता काय करायचं, हे तिन्ही सांगा: "बटणाला 'मोठ्ठा' हा आकार चालत नाही, लहान, मध्यम, मोठा यांपैकी एक द्या." असे मेसेज लिहायला एक दुपार पुरते. तेच ते प्रश्न लगेच कमी होतात.

हातभार लावायला येणाऱ्यांचं थोडक्यात. गिटहबवर, म्हणजे जिथे कोड ठेवलाय तिथे, सोप्या कामांना 'गुड फर्स्ट इश्यू' (पहिल्यांदा येणाऱ्यासाठी बरं) असं लेबल नुसतं चिकटवू नका. कोणती फाइल उघडायची आणि काम झालं हे कसं ओळखायचं, तेही लिहा. डिझायनरकडून पुल रिक्वेस्टच (कोडमधला बदल स्वतः करून पाठवणं) हवी हा हट्ट सोडा. खुणा केलेला स्क्रीनशॉटही घ्या, कोडचं तुम्ही बघा.

आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीआधी पुन्हा कुणाला तरी शेजारी बसवा, पण माणूस नवा हवा. एकदा बसून गेलेला आता नवशिक्या राहिलेला नसतो. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला आलेल्या मुलाने चार मिनिटांत बटण आणलं. मग ड्रॉपडाउन उघडेना. स्क्रिप्टची ओळ त्याने हेडमध्ये टाकली होती, त्यामुळे मेन्यू पानावर यायच्या आधीच ती चालून संपत होती. ती ओळ आता 'डिफर'सकट (पान वाचून झाल्यावरच स्क्रिप्ट चालव, अशी ब्राउझरला सूचना) पहिल्या पानावरच्या नमुन्यात आहे.