कॉमिक कॉनला जाताय? आधी आर्टिस्ट ॲली गाठा
भारतातलं पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सप्रेमींचा मेळा, २०११ मध्ये दिल्लीत भरलं. आता मुंबईतही गर्दी आवरत नाही. आत शिरल्या शिरल्या सगळे मोठ्या स्टॉलवरच्या फुकट पोस्टरकडे धावतात. तुम्ही थेट आर्टिस्ट ॲलीत, म्हणजे चित्रकार आपापली टेबलं मांडून बसतात त्या भागात जा. सकाळी चित्रकार निवांत असतात, वही पुढे केली तर गप्पा मारता मारता एखादं स्केचही मिळून जातं. दुपारनंतर नुसती रेटारेटी. प्रिंट घेणार असाल तर पुठ्ठ्याची नळी घरूनच न्या, नाहीतर परतीच्या लोकलमध्ये प्रिंटचा चुरगळा झालाच म्हणून समजा. कॉस्प्लेवाल्यांचा, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून आलेल्यांचा, फोटो विचारूनच काढा. आणि खिशात फेव्हिक्विक ठेवा: फोमचे पंख निखळलेल्या योद्ध्याला तुम्ही देवासारखे वाटाल!