खरेदीखत झाल्यावर वकिलांकडून कोणते कागद मागून घ्यावेत

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो निघाले, अंगठे उमटले, किल्ल्या हातात आल्या, की घर घेणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. वकिलांची फी दिलेली असते, "फाइल नंतर घेऊन जा" असं ते म्हणालेले असतात. मग गृहप्रवेश, सुतारकाम, मुलांची शाळा यांत ते 'नंतर' राहून जातं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे असल्यामुळे नव्या सभासदांच्या फायली माझ्या हाताखालून जातात, आणि त्यांतल्या अर्ध्यामुर्ध्या पाहून जीव कळवळतो. पहिल्या महिन्यातच वकिलांसमोर बसून फाइल पुरी करून घ्या. त्या काळात विकणारा फोन उचलतो आणि वकिलांना व्यवहार आठवत असतो. फाइल पाहताना असा विचार करा की पुढे कधी हे घर विकायला काढलं, तर समोरच्याचा वकील काय काय मागेल. ते सगळं आज तुमच्या हातात हवं.

सुरुवात मूळ दस्तापासून. नोंदणी झाल्यावर दस्त स्कॅन होतो आणि मूळ प्रत परत मिळते. ती बहुतेकदा वकिलांच्या किंवा एजंटच्या हातात जाते, म्हणून ती आधी मागून घ्या. नोंदणीची पावती, मुद्रांक शुल्काचं ई-चलन आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात तो उतारा, हे तिन्ही त्याच्यासोबत असायला हवेत. चलनावर जीआरएन, म्हणजे सरकारी भरण्याचा क्रमांक असतो आणि नोंदणीच्या वेळी ते 'डीफेस' होतं, म्हणजे पुन्हा वापरता येऊ नये म्हणून वापरलेलं अशी त्याची नोंद होते. तसं झालंय का, ते बघा. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. पावतीवरचा आकडा त्याच्याशी जुळवा.

मग एक निवांत संध्याकाळ काढून दस्त पान-पान वाचा. प्रत्येक पानावर कार्यालयाची खूण, दस्त क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक असतात. मधलं एखादं पान गहाळ असेल तर ते आत्ताच लक्षात येईल. नावाचं स्पेलिंग पॅनकार्डशी जुळतंय का, फ्लॅटचा क्रमांक आणि मजला बरोबर आहे का, चटई क्षेत्र, पार्किंगचा उल्लेख, चतुःसीमा, सर्व्हे नंबरचा हिस्सा, सगळं तपासा. इंडेक्स टूही वेगळा वाचा, कारण दस्तात बरोबर असलेली गोष्ट तिथे भरताना चुकू शकते. चूक सापडली तर 'बघू पुढे' म्हणू नका. दस्तातली चूक सुधारायला चूक दुरुस्तीपत्र करून ते नोंदवावं लागतं आणि त्यावर विकणाऱ्याचीही सही लागते. आज तो कोथरूडहून औंधला राहायला गेलेला असेल. चार वर्षांनी तो मुलाकडे परदेशात असेल किंवा हयातही नसेल, आणि एका आकड्याच्या दुरुस्तीसाठी तुम्हाला त्याच्या सगळ्या वारसांना गोळा करावं लागेल.

पुनर्विक्रीचं घर असेल तर मागची साखळी. कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत तिसऱ्या-चौथ्या हातचे फ्लॅट सर्रास मिळतात. बिल्डरपासून पहिल्या खरेदीदाराला झालेला करारनामा, त्याच्याकडून दुसऱ्याला झालेलं खरेदीखत, असा प्रत्येक दस्त मूळ स्वरूपात आणि आपापल्या पावतीसह तुमच्याकडे यायला हवा. विकणारे पुष्कळदा फक्त स्वतःच्या नावचा दस्त देतात आणि त्याआधीचा कागद माळ्यावरच्या ट्रंकेत राहतो. एखादा मूळ दस्त हरवलाच असेल, तर पोलिसांकडे केलेली नोंद, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचं कात्रण, नोटिशीवर हरकत आली नसल्याचं वकिलांचं पत्र, विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि नोंदणी कार्यालयातून काढलेली प्रमाणित नक्कल, हा पूर्ण संच मागा. यातलं नुसतं कात्रण ठेवून पुढे कोणी समाधान मानत नाही.

घर कोणाच्या मृत्यूनंतर वारसांकडून घेतलं असेल तर मृत्यू दाखला, वारसांबाबतचा कागद आणि ज्यांनी हक्क सोडला त्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं फाइलमध्ये हवीत. बहिणीने "माझं काही म्हणणं नाही" असं साध्या कागदावर लिहून दिलंय, एवढ्यावर विसंबू नका. सही कुलमुखत्याराने, म्हणजे मालकाने आपल्या वतीने सही करायचा अधिकार दिलेल्या व्यक्तीने, केली असेल तर कुलमुखत्यारपत्राची प्रत हवी, आणि ते देणारी व्यक्ती सहीच्या दिवशी हयात होती व तिने ते रद्द केलेलं नव्हतं, असं घोषणापत्रही हवं.

शोध अहवालाबद्दल जरा परखडपणे सांगते. साधारण ३० वर्षांचा शोध घेऊन मालकी हक्काबद्दलचं मत वकील लिहून देतात. हा अहवाल त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि शोध शुल्काची पावती जोडलेला हवा. तोंडी "टायटल क्लिअर आहे" याला काही किंमत नाही. बिल्डरने माहितीपत्रकासोबत दिलेला टायटल सर्टिफिकेटचा कागद हा बिल्डरच्या वकिलाचा असतो. तुम्ही फी देऊन नेमलेल्या वकिलांनी स्वतः शोध घेतला का, हे स्पष्ट विचारा. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी केलेला अहवालही बँकेसाठी असतो, त्याची प्रत तुम्हाला मिळेलच असं नाही. फी देताना लाजत नाही, तर अहवाल मागतानाही लाजू नका.

आता पुण्यात सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा भाग. तुमची इमारत गृहनिर्माण सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे वकिलांकडून लेखी समजून घ्या. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, कायद्याने दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खाली आलेल्या इमारतीचं आधी घोषणापत्र नोंदवलं जातं, सगळे त्याला 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणतात. त्यानंतर प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र 'अपार्टमेंट डीड' होतं आणि त्यात जमीन व सामाईक जागेतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. पुण्यात असंख्य लोक बिल्डरबरोबरच्या नोंदणीकृत करारनाम्यावर थांबले आहेत. अपार्टमेंट डीड झालेलंच नाही, आणि त्यांना ते माहीतही नाही. पूर्ण मुद्रांक शुल्क करारनाम्यावरच भरलेलं असल्यामुळे सगळं झालं असं वाटतं. करारनामा हा विकण्याचा करार आहे, अंतिम हस्तांतरण पुढच्या दस्ताने होतं. नंतरच्या दस्तात आधी भरलेलं शुल्क धरलं जातं, म्हणून खर्चाच्या धास्तीने तो टाळू नका. विकणाऱ्याच्या नावे अपार्टमेंट डीड होतं का, नसेल तर ते कसं पुरं करायचं, हे वकिलांनी कागदावर लिहून द्यावं.

सोसायटी असेल तर प्रश्न जमिनीचा. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे झालंय का? बिल्डरने ते केलं नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे 'डीम्ड कन्व्हेयन्स'साठी, अर्ज करता येतो. तुमच्या फाइलमध्ये त्या दस्ताची किंवा आदेशाची छायाप्रत असू द्या. पुढे पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की पहिल्या बैठकीतच हा विषय निघतो.

जमिनीच्या कागदांत पेठा आणि उपनगरं वेगळी पडतात. कसबा, सदाशिव, नारायण पेठेत सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, बघायची. धायरी, वाघोली, सूस अशा भागांत सातबारा आणि त्यावरचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, बघायचे. सातबाऱ्यावर फ्लॅटवाल्याचं नाव नसतं, त्याने घाबरून जाऊ नका, पण इतर हक्कांच्या रकान्यात काय बोजा, म्हणजे कर्ज किंवा दुसऱ्याचा दावा, आहे ते वकिलांना विचारा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. त्याच्यासोबत अकृषिक परवानगी, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) यांच्या प्रती हव्यात. भोगवटा प्रमाणपत्र आपल्याच विंगचं आणि आपल्याच मजल्याचं आहे का, तेही बघा. मोठ्या प्रकल्पांना ते टप्प्याटप्प्याने मिळतं. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत इमारतीची परवानगी कोणी दिली होती, पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जिल्हाधिकाऱ्यांनी की आणखी कोणी, हे लिहून घ्या. ग्रामपंचायतीच्या काळातल्या कराच्या पावत्याही टाकून देऊ नका.

थेट बिल्डरकडून नवं घर असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक, प्रत्येक हप्त्याची पावती, जीएसटीचा हिशेब, ताबापत्र आणि पार्किंग वाटपाचं पत्र एकत्र लावा. प्रत्येक पावती सांभाळा, कारण घर विकताना भांडवली नफा काढायचा तर खरेदीची किंमत सिद्ध करावी लागते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरता येते.

व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर, तुम्ही कापून भरायचा असतो. आजवर सगळे ज्याला २६ क्यूबी म्हणत आले ते विवरण आणि विकणाऱ्याला द्यायचं १६ बी प्रमाणपत्र, दोन्हींची प्रत ठेवा. ही जबाबदारी खरेदीदाराची आहे. वकिलांनी किंवा सीएंनी "भरलंय" म्हटलं तरी चलन डोळ्यांनी बघा. दोन खरेदीदार आणि दोन विकणारे असतील तर प्रत्येक जोडीचं विवरण वेगळं लागतं. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर १ टक्क्याचा हा नियम लागूच होत नाही, कपात बरीच जास्त असते. पुण्यात हा प्रसंग वारंवार येतो, आणि कर कमी कापला गेला तर आयकर खातं तुम्हाला विचारतं.

विकणाऱ्याचं कर्ज होतं का? मग त्याच्या बँकेचं कर्जफेडीचं पत्र, बोजा उतरवल्याचा पुरावा आणि बँकेने कोणते मूळ कागद परत दिले त्याची यादी हवी. तुमचं कर्ज असेल तर मूळ दस्त तुमच्या बँकेकडे जातील. त्याआधी प्रत्येक पानाचा रंगीत स्कॅन करून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवा. बँकेकडून पोच घेताना 'एक फाइल मिळाली' एवढं लिहून चालणार नाही. दस्ताचं नाव, क्रमांक, तारीख आणि पानं, अशी यादी सही-शिक्क्यासह घ्या. कागद गहाण ठेवल्याची सूचना, म्हणजे 'नोटीस ऑफ इंटिमेशन', ३० दिवसांत नोंदणी कार्यालयात द्यावी लागते. तिची पावतीही फाइलला लावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. उशीर बँकेच्या बाजूने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पोचेवर यादी असेल तरच काय परत यायचं आहे हे ठामपणे सांगता येईल.

वकिलांचं काम संपलं की उरलेलं तुमच्याकडे. भागपत्राच्या, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या, मागच्या बाजूला अध्यक्ष-सचिवांच्या सह्यांनिशी तुमचं नाव चढवून घ्या. अपार्टमेंटला भागपत्र नसतं, ते शोधत बसू नका. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या सभासदाच्या नावे करतानाची रक्कम, २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि जे घेतलं त्याची पावती द्यावी लागते. देणगी म्हणून वेगळी रक्कम मागितली तर नम्रपणे नकार द्या, हे मी सचिव म्हणून सांगते. नामनिर्देशनाचा अर्ज त्याच दिवशी भरा. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, वारसांच्या वतीने ती घर सांभाळते, हे घरच्यांनाही समजावून सांगा. महावितरणचं बिल नावावर करताना मागची थकबाकी आहे का बघा.

आणि मिळकतकर. नाव बदलण्याच्या अर्जासोबत इंडेक्स टूची प्रत लागते. स्वतः राहत असाल तर पुणे महापालिकेच्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज द्या. सोबत तुम्ही तिथे राहता असं सोसायटीचं पत्र आणि पत्त्याचा पुरावा लावा. आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलं असेल तर ती सवलत बिलात दिसणार नाही, म्हणून पहिलं बिल आल्यावर तो रकाना बघा आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच याच फाइलमध्ये लावा.