स्टुटगार्टला येताय? मग आधी नीट 'नाही' म्हणायला शिका

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी (स्टुटगार्ट ही त्याची राजधानी) कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तेव्हापासून मला इथं स्टुटगार्टला लातूर, नांदेड, बीडकडचे फोन वाढले. कोणी नर्सिंग केलेलं, कोणी वाळूजला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत असलेलं. प्रश्न तेच तीन. थंडी किती? जाकीट इथंच घ्या. ज्वारीचं पीठ मिळतं का? भारतीय दुकानात मिळतं. भाडं? लई आहे. आता कोणी विचारत नाही ते सांगतो.

आपल्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. साहेबानं विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल का?" की आपण, "हौ, होऊन जाईल." ते सोमवारी होणार हे दोघांनाही ठाऊक असतं. इथला साहेब मात्र त्या 'हौ'वर शुक्रवारची पुढची कामं लावून मोकळा होतो. शुक्रवारी तुम्ही "थोडं राहिलंय" म्हणालात की तो चिडतो, पण काम राहिलं म्हणून नाही, मंगळवारीच का सांगितलं नाही म्हणून. नोकरीचे पहिले सहा महिने सहसा चाचणीचे असतात आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. कामात पक्की असलेली पोरं निव्वळ गप्प बसल्यापायी परत गेलेली मी पाहिलीत. आणि ती मान आडवी डोलवणं सोडा. इकडं त्याचा अर्थ नकार असाच घेतात.

नर्सिंगवाल्यांनी तर हे पाठच करावं. ड्युटी बदलताना डोस नीट कळला नाही तर परत विचारा, आकडा स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवा. जर्मन भाषेत चोपन्न म्हणताना आधी चार, मग पन्नास येतात. आपल्या मराठीतही तसंच आहे, त्यामुळं मनात मराठीत मोजा. इंग्रजीत मोजणारे चोपन्नचे पंचेचाळीस लिहून बसतात. परत विचारलं म्हणून इथं कोणी तुम्हाला बावळट समजत नाही.

आता सगळ्यात महागाची गोष्ट. नांदेडकडच्या एका पोराचे घरमालक एकदम देवमाणूस. पोरानं कॉफी पिता पिता सांगितलं, "पुढच्या महिन्यात जातो." म्हातारबा हसून "बरं" म्हणाले. पोरानं दुसरीकडं घर घेतलं आणि तीन महिने दोन्ही घरांचं भाडं भरलं. म्हातारबांनी फसवलं नाही. कायद्यानं घर सोडायची नोटीस कागदावर, सहीनिशी लागते, मुदत साधारण तीन महिन्यांची, आणि चालू महिना धरायचा तर महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती मालकाच्या हातात पडावी लागते. तोंडी चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. ईमेलही चालत नाही. नोकरीचा राजीनामासुद्धा तसाच, कागदावर. पारावर दिलेल्या शब्दाला आपल्याकडं किंमत असते, हे मलाही आवडतं. पण इथं कागद, सही, रजिस्टर पोस्ट. परत सांगतो: कागद, सही, रजिस्टर पोस्ट.

आलेला कागदही तसाच. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पिवळं पाकीट, म्हणजे कोर्टाचा किंवा सरकारी कागद, आलं तर त्याच दिवशी फोडा, पाकिटावरची तारीख जपून ठेवा. वसुलीचा कोर्टाचा कागद असेल तर हरकत घ्यायला दोनच आठवडे मिळतात. "नंतर बघू" म्हणून फ्रिजवर ठेवू नका.

शेजाऱ्यांचं थोडक्यात. जिन्यात दिसेल त्याला नमस्कार आधी तुम्ही करायचा. या भागात जिना झाडायची पाळी असते, दारावर पाटी अडकली की तो आठवडा तुमचा. रात्री दहानंतर मिक्सर नको. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लावा, मग बराच गोंगाट माफ होतो.

आपल्या माणसांबद्दल बोललं की राग येतो, तरी बोलतो. इथं मराठी मंडळी भरपूर. गणपतीला जा, पुरणपोळी खा. पण काही जण आठ-आठ वर्षं राहून फक्त ग्रुपवरच बोलतात आणि नव्यांना सल्ला देतात, "इंग्रजीवर निभतं." ऑफिसात निभतं. जिन्यात, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत निभत नाही. ब्लू कार्डवाल्याला (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) पक्क्या वास्तव्यासाठी २७ महिने लागतात, पण बी-१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन झालं की २१. संध्याकाळी फोल्क्सहोखशूलेचा (मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्राचा) वर्ग लावा, तिथली फी तुलनेनं कमी असते. जेवणाच्या टेबलावर एक जरी जर्मन असेल तर आपसात मराठी बंद करा, तो मुकाट उठून जातो आणि पुन्हा बसत नाही. पुण्याच्या पोरांसमोर आपल्या बोलीची लाज वाटून गप्प राहणारेही खूप. अरे, जर्मनाला सदाशिव पेठ काय अन् सेलू काय! त्याच्या कानाला दोघांचंही जर्मन सारखंच वाकडं.

'तू' आणि 'तुम्ही' त्यांच्यातही आहे. 'तू' म्हणायला वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्यानं आधी सांगायचं असतं, तोवर 'तुम्ही'च. हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

फोन मात्र अवघड. समोरचा चेहरा दिसत नाही अन् बोलतो स्थानिक बोलीत. दवाखान्याची वेळ घ्यायची तर आधी कागदावर लिहून ठेवा: नाव, जन्मतारीख, कोणता विमा, काय दुखतंय, कधीपासून. दवाखाना बंद असताना ११६ ११७, जिवावर बेतलं तर ११२. आणि आडनावातलं एकेक अक्षर सुटं सांगायचा सराव घरून करून या. सूर्यवंशी, देशमुख असं एका दमात सांगितलं तर पलीकडची बाई तीनदा "काय?" म्हणते.