वर्गातील भांडण आणि क्षमेचा धडा

‘चल, सॉरी म्हण’ असे दरडावून भांडण मिटवण्याची घाई शिक्षकांनी करू नये, कारण त्यातून मुले क्षमा मागायला नव्हे, तर सुटका करून घ्यायला शिकतात. आधी दोघांचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे. मग त्यांना समोरासमोर बसवून, एकाने सांगितलेले दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे आणि पहिला ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. वेळ इथेच लागतो.

माणूस आणि त्याचे कृत्य वेगळे करून दाखवायला नागपुरात उदाहरण हाताशी आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळ्या-पिवळ्या मारबतींची (वाईट गोष्टींचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांची) मिरवणूक निघते आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत पुतळे जाळले जातात. तेव्हा जाळतो ते काय, हे मुलांनाच विचारावे.

क्षमा एकट्याने करता येते, समेटाला मात्र दोघे लागतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीतील अत्याचारांच्या चौकशीसाठी 1995 च्या कायद्याने नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाचाही नियम होता की, गुन्ह्याची पूर्ण कबुली दिल्याशिवाय कायदेशीर माफी मिळणार नाही. म्हणून ज्याने मित्राची वही फाडली, त्याने ती पाने स्वतः उतरवून द्यावीत. मित्राचे मन तरीही तयार नसेल, तर त्याच्यावर बळजबरी न करता आठवड्याने पुन्हा विचारावे.