फ्रेंच प्रेमपटाला मराठी सबटायटल लावताना

फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘ला फाम दा कोते’मध्ये (१९८१, १०६ मिनिटं) ग्रनोब्लजवळच्या गावात बायको-मुलासह राहणाऱ्या बर्नारच्या समोरच्या घरात मातिल्द नवऱ्याबरोबर राहायला येते. दोघांचं पूर्वी प्रकरण होतं, पण घरी कोणीच बोलत नाही. इंदूरच्या मराठी मंडळींसाठी याचा खेळ लावायचा तर आधी हक्कधारकाकडून जाहीर खेळाची परवानगी घ्या. विकत घेतलेली डिस्क घरी बघण्यापुरतीच असते.

इंग्रजी सबटायटलवरून मराठी करू नका. त्यात सगळ्यांना एकच ‘यू’ असतो. फ्रेंच कळणारं माणूस शेजारी बसवा आणि प्रत्येक संवादावर ‘व्हू’ (तुम्ही) की ‘त्यू’ (तू) याची खूण करून घ्या. जुने प्रेमी चारचौघांत अनोळखी असल्याचं सोंग करतात, तिथे ‘तुम्ही’चा ‘तू’ कधी होतो यालाच महत्त्व. नवरा-बायको मात्र ‘तू’वरच ठेवा, ‘अहो’ घातलंत तर सभागृह हसेल. ‘नू’, म्हणजे आम्ही किंवा आपण, त्याहून फसवा. मातिल्द बर्नारला नवऱ्याविषयी सांगत असेल तर ‘आम्ही’, त्यांच्या दोघांच्या जुन्या दिवसांविषयी असेल तर ‘आपण’. प्रसंग पाहूनच ठरवावं लागतं. आणि ‘करून राहिला’ छापाची इंदुरी बोली कितीही गोड असली तरी इथे नको, ग्रनोब्लचा इंदूरचा राजवाडा चौक होईल.

‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं. सॉफ्टवेअर काना-मात्रा वेगळ्या मोजतं, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. मोठ्याने वाचून पाहणं जास्त भरवशाचं. ओळ किमान एक सेकंद, फार तर सहा सेकंद राहू द्या. पात्र गप्प झालं की ओळही जाऊ द्या. अशा चित्रपटात चेहऱ्यावरची शांतता वाचायची असते, तिच्यावर अक्षरं लोंबकळली की खेळ संपला. फाईल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच जतन करा, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतील.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच दोन सेकंदांचा फरक असेल तर सगळ्या ओळी तेवढ्या सरकवा. फरक वाढत जात असेल तर सरकवून भागत नाही: सबटायटल सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीवर बेतलेली आहेत आणि तुमची युरोपीय डीव्हीडी २५ ने धावते. १०६ मिनिटं तिथे १०२ च्या आत संपतात, म्हणजे शेवटी ओळी चार मिनिटं मागे पडतात. सगळ्या वेळांना ०.९६ ने गुणा. सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग बदलण्याची सोय आहे, तीच वापरा.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून चालवू नका, बऱ्याच टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, आणि एचडीएमआयने प्रोजेक्टर. दोन ओळींत अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

सपाट सभागृहात खालची ओळ पुढच्यांच्या डोक्यांआड जाते. पडद्याची खालची कड जमिनीपासून चारेक फूट वर घ्या आणि शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसूनच तपासा. खेळ साडेसहाला सुरू केलात तर साडेआठपर्यंत मोकळे. चर्चा कितीही लांबली तरी सराफ्यात खाऊगल्ली रंगायच्या वेळी पोहोचता येतं.