‘सिग़ा रे!’ म्हणजे ‘हळू रे!’ : ग्रीसमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ग्रीसमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात कानावर सतत पडणारा शब्द म्हणजे ‘सिग़ा’. मराठी माणसाला तो समजायला जड नाही, कारण आपला ‘हळू’ नेमका याच मापाचा आहे. ‘हळू चाल’ म्हटलं की वेग कमी करायचा आणि ‘हळू बोल’ म्हटलं की आवाज. सिग़ाचंही तसंच. त्याचं नातं शांततेसाठीच्या जुन्या ग्रीक शब्दाशी आहे आणि वेगाचा अर्थही त्याच शब्दात नांदतो. त्यातून ग्रीकमध्ये ‘रे’सुद्धा आहे! जिन्यावरून धडधडत उतरणाऱ्या पोराला आई ओरडते, ‘सिग़ा रे!’ फरक इतकाच की ग्रीक ‘रे’ बायकांनाही चालतो, ‘गं’ वेगळा नाही. पण तो दोस्तीतला आणि घरातला. दुकानदार, डॉक्टर, शेजारच्या आजी यांच्यापुढे तो तोंडातून निघता कामा नये.

आधी उच्चार. इथे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) दिलाय तो ग म्हणताना जीभ मागे टाळूला टेकवायची नाही. हवा घासून जाऊ द्यायची, गुळण्या सुरू करताना होतो तसा आवाज. साधा ग म्हटलात तरी समजतं, पण लगेच ‘परदेशी’ म्हणून ओळखले जाल. हाच ग़ पुढे इ किंवा ए आला की ‘य’सारखा होतो. आणि आघात महत्त्वाचा: सि-ग़ा, जोर ‘ग़ा’वर. आपण मराठीत शब्द सपाट म्हणतो, ग्रीकमध्ये आघात हलला की शब्दच बदलतो. ‘पोते’ हा शब्द ‘पो’वर जोर दिला तर ‘कधी’, आणि ‘ते’वर दिला तर ‘कधीच नाही’.

दुसरा शब्द ‘अर्ग़ा’. खरा घोळ इथे होतो, कारण ‘हळू’ आणि ‘उशिरा’ हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. ‘इने अर्ग़ा’ म्हणजे उशीर झालाय. त्याच घराण्यातलं ‘आर्यिसा’ म्हणजे मला उशीर झाला, आणि ‘अर्यीआ’ म्हणजे सार्वजनिक सुट्टी. दारावर ‘अर्यीआ’ दिसलं तर दुकान बंद आहे, ‘हळू या’ अशी सूचना नाही.

मग समोरचा माणूस भराभरा बोलतोय, त्याला काय म्हणायचं? ‘प्यो सिग़ा’ (‘प्यो’ म्हणजे ‘अजून’) म्हटलंत तर तो आवाज खाली आणेल आणि वेग तसाच ठेवील. आता ना वेग कळतो ना शब्द ऐकू येतात. बोलण्याचा वेग कमी करायला ‘प्यो अर्ग़ा’ हवं. पूर्ण वाक्य पाठच करा: ‘बोरीते ना मिलाते प्यो अर्ग़ा, पाराकालो?’ म्हणजे जरा हळू बोलाल का, प्लीज. सरकारी खिडकीवर किंवा फोनवर आकडे सांगितले जातात तेव्हा एवढ्यानेही भागत नाही. कराचा क्रमांक, ज्याला इथे ‘आफिमी’ म्हणतात, तो ९ आकडी. सामाजिक विम्याचा ‘आम्का’ ११ आकडी. फोन नंबर १० आकडी. लोक हे दोन-दोन, तीन-तीन आकड्यांच्या गटांत सांगतात, म्हणजे ‘सहा, नऊ’ऐवजी ‘एकोणसत्तर’. त्यावर ‘एना-एना, पाराकालो’, एकेक आकडा सांगा, असं म्हणायचं. तरी चुकतंय असं वाटलं तर कागद-पेन पुढे करायचं. आम्काचे पहिले सहा आकडे म्हणजे तुमची जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने, त्यामुळे तेवढा भाग तिथल्या तिथे पडताळता येतो.

टॅक्सीत मात्र अर्ग़ा आणि सिग़ा दोन्ही चालतात. ‘लीग़ो प्यो सिग़ा, पाराकालो’ हे पुरेसं सभ्य आहे. चालक जुमानत नसेल तर ‘मीन त्रेहेते’. शब्दशः ‘पळू नका’, पण गाडीच्या बाबतीत ‘एवढ्या जोरात नको’. रस्त्यावरच्या पाटीवर ‘मिओसाते ताहीतिता’ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे वेग कमी करा. ती पाटीची भाषा. तोंडाने तसं कुणी म्हणत नाही.

घर बदलताना हे सगळं एकदम कामाला येतं. अथेन्समधल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट बऱ्याचदा चिंचोळ्या, फ्रिज जिन्यावरून न्यावा लागतो. वरचा माणूस म्हणतो ‘सिग़ा… सिग़ा…’, वळणावर खालचा म्हणतो ‘कात्से!’ कात्सेचा शब्दार्थ ‘बस’, पण इथे ‘थांब जरा’. खुर्ची शोधू नका, फ्रिज धरून ठेवा. मग येतं ‘मे तो मालाको’, म्हणजे अलगद, सांभाळून. हेच एका शब्दात ‘मालाका’, जोर शेवटच्या ‘का’वर. तो जोर चुकून मधल्या ‘ला’वर गेला तर ती ग्रीसमधली सगळ्यात प्रसिद्ध शिवी होते. मित्र ती एकमेकांना दिवसभर देतात, पण अनोळखी हमालाला ऐकवणं वेगळं. खात्री नसेल तर सिग़ावरच भागवा.

दुसरा खड्डा ‘घाई’च्या क्रियापदात आहे. ‘मी व्याझेसे’ (आदराने ‘मी व्याझेस्ते’) म्हणजे घाई करू नका. हे बिनधास्त वापरा. इथला ‘मी’ म्हणजे ‘नको’, आपला ‘मी’ नव्हे. पण या क्रियापदाचं कर्तरी रूप ‘व्याझो’ याचा पहिला अर्थ बलात्कार करणे. ‘मला घाई करू नका’ असं स्वतः जुळवायला जाऊ नका. त्याऐवजी ‘मी मे प्येझेते’, माझ्यावर दबाव आणू नका, हे सुरक्षित.

‘सावकाश होऊ द्या’ला ग्रीकमध्ये सुंदर जोड आहे: ‘मे तीन इसिहीआ सास’, तुमच्या निवांतपणाने. दुकानात पाकिटातली चिल्लर शोधताना मागे रांग वाढतेय आणि गल्ल्यावरची बाई हे म्हणाली, तर तो टोमणा नाही. ‘मे तो पासो सू’ हे त्याचंच अघळपघळ भावंड, ‘तुझ्या चालीने चालू दे’. यात मात्र कधी कधी टोमणा असतो. ‘इरेमिसे’, म्हणजे शांत हो, हे भांडणात वापरू नका. मराठीत चिडलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हटल्यावर जे होतं तेच होतं.

आदराची रूपं सोपी आहेत, तू-तुम्हीसारखीच. थांब: ‘पेरीमेने’, थांबा: ‘पेरिमेनेते’. ‘सू’ म्हणजे तुझ्या, ‘सास’ म्हणजे तुमच्या. सिग़ाला मात्र रूपच नाही, तो सगळ्यांना सारखा. अडलंत की त्याला ‘पाराकालो’ जोडा.

आता सिग़ाची वाकडी बाजू. स्वर लांबवून, भुवया उंचावून कुणी ‘सिग़ाऽऽ’ म्हणालं तर त्याचा वेगाशी संबंध नाही. ते आपलं ‘डोंबलाचं!’ ‘सिग़ा ता आवग़ा’, शब्दशः ‘अंडी सांभाळून’, म्हणजे ‘काय मोठं लागून गेलंय’. सर्वांत जास्त फसवतं ते ‘सिग़ा मीन’. ‘सिग़ा मीन एर्थी’ याचा अर्थ ‘तो हळूहळू येईल’ असा नाही, ‘तो कसला येतोय!’ असा आहे. नळाच्या कामाला माणूस कधी येईल असं विचारल्यावर शेजाऱ्याने हे म्हटलं, तर वाट बघू नका, दुसरा शोधा. उलट जेवणानंतर यजमानांच्या घरी ‘सिग़ा-सिग़ा ना पियेनूमे’ ऐकलंत तर ते सरळ आपलं ‘चला, हळूहळू निघूया’. आपल्यासारखंच त्यानंतर दारात अर्धा तास गप्पा होतात.

‘इसिहीआ’ हा शब्द कायद्यातही आहे. ‘ओरेस किनीस इसिहीआस’ म्हणजे सार्वजनिक शांततेच्या वेळा. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च दुपारी ३.३० ते ५.३० आणि रात्री १० ते सकाळी ७.३०. या वेळात ड्रिल, ठोकाठोक, मोठी गाणी नकोत. कुकरची शिट्टी कुणी मनावर घेत नाही, पण खलबत्त्यात मसाला कुटायचा असेल तर साडेपाचनंतर. खालचे शेजारी दारावर येऊन ‘प्यो सिग़ा, पाराकालो’ म्हणाले तर तो आवाजाचा सिग़ा समजा आणि ‘सिग्नोमी’ म्हणून माफी मागून मोकळे व्हा. नाहीतर पुढचा फोन १०० नंबरला, पोलिसांना जातो.